खालचा उजवा कोपरा

भिंतीवर लावायला ‘व्हिंटेज’ पोस्टर सगळ्यांनाच हवं असतं. पण ते काढलं कुणी, हे आपण कधी विचारतो का? मी पण नव्हतं विचारलं...

माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. नाव, ‘पोस्टर्स फायनल’. त्याच्याखाली ‘पोस्टर्स फायनल २’ आणि त्याच्याखाली ‘पोस्टर्स खरंच फायनल’. फ्रीलान्स काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

काम तसं सोपं होतं. बारा जुन्या सिनेमांची पोस्टर्स, प्रत्येकाखाली चाळीस शब्द. सिनेमाचं नाव, साल, कलाकार, एखादा चटपटीत किस्सा आणि शेवटी पोस्टर काढणाऱ्याचं नाव. पैसे म्हणाल तर महिन्याचं लाइट बिल आणि अर्धं भाडं. माझ्यासाठी हे म्हणजे सॉलिड असाइनमेंट!

गुरुवारी रात्री साडेबारापर्यंत सगळं लिहून झालं. फक्त शेवटची ओळ राहिली होती. चार नावं सहज मिळाली. उरलेल्या आठ ठिकाणी मी काय केलं असेल? एकदा टाइप केलं, ‘चित्रकार : अज्ञात’. मग कॉपी, पेस्ट. सात वेळा. लॅपटॉप बंद केला आणि शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून अकलूजची एसटी पकडली. श्रीपूरला मामांकडे जायचं होतं. मामींचा फोन आला होता, “ये गं एकदा. त्यांचा हात आता फार थरथरतो. चहाची कपबशीसुद्धा मीच धरते.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, श्रीपूर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिनं उभारलेला साखर कारखाना इथला. गावाचं सगळं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर. गाळपाच्या दिवसांत एसटीतून उतरलात की आधी मळीचा वास येतो आणि मग गाव दिसतं. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्यांना तो वास आहे.

मामा कारखान्यात नोकरीला होते. पण गावात त्यांची ओळख ‘पेंटर’ अशीच. बैलगाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, गणपतीच्या मांडवातले देखावे, सगळं त्यांच्या हातचं. त्याच्याही आधी, लग्नाच्या अगोदर, चार वर्षं ते सोलापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका वस्तादाच्या हाताखाली होते. हे मला माहीत होतं. म्हणजे घरातल्या बऱ्याच गोष्टी जशा माहीत असतात तशी. त्याबद्दल एकदाही काही विचारलेलं नव्हतं. आणि मी मास कॉमची पदवी घेतलेली पत्रकार! कमाल आहे ना?

ट्रंकेतली मधुबाला

दुपारी जेवणं झाल्यावर मी मामांना लॅपटॉपवर माझी बारा पोस्टर्स दाखवायला बसले. (खरं सांगते, थोडा भाव खायचा होता.) मामांनी चष्मा पुसला, एकेक चित्र नीट बघितलं. आठव्याला म्हणाले,

“हे अज्ञात कोण गं? लई काम केलंय की ह्यानं.”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

“हिथं खालचा कोपरा कुठाय?” त्यांनी बोट दाखवलं. “उजव्या अंगाचा. सही तिथंच असती. तुझ्या फोटोत कोपराच न्हाई.”

बघते तर खरंच. इंटरनेटवरून उचललेल्या त्या इमेजची कडा कुणीतरी कापलेली होती. शोभेसाठी असेल किंवा फ्रेममध्ये बसावी म्हणून. मी त्याच सिनेमाच्या पोस्टरची दुसरी इमेज शोधली, पूर्ण कागद दिसणारी. पाच मिनिटं लागली. खालच्या कोपऱ्यात, नायिकेच्या पदराशेजारी, बारीक तिरकी सही! म्हणजे त्या माणसानं नाव लिहिलेलं होतं. ‘अज्ञात’ त्याला मी केलं होतं.

मामा उठले आणि आतून पत्र्याची जुनी ट्रंक ओढत आणली. आतले स्वेटर, मामींचा शालू, बँकेची पासबुकं बाहेर काढली. ट्रंकेच्या तळाला पोस्टर चिकटवलेलं होतं. गंज कपड्यांना लागू नये म्हणून. वरचा तिसरा भाग कापलेला, मधोमध घडीची पांढरी रेघ. पण चेहरा ओळखू येत होता. मधुबाला!

‘मुघल-ए-आझम’.

माझ्या हातावर काटा आला. कारण त्या बारांपैकी ज्या चार नावांबद्दल मला खात्री होती, त्यातलं एक याच सिनेमाचं होतं. कोल्हापूरचे जी. कांबळे, म्हणजे गोपाळ बळवंत कांबळे. व्ही. शांताराम यांच्या राजकमलसाठी काम करणारे मोठे चित्रकार. ‘मुघल-ए-आझम’च्या पब्लिसिटीसाठी के. आसिफ यांनी त्यांना बोलावलं. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात सिनेमा लागला, तेव्हा थिएटरवरचे भव्य बॅनर कांबळ्यांचे होते. सरकारी ऑफिसांत आपण शिवाजी महाराजांचं जे शासनमान्य चित्र पाहतो, तेही त्यांचंच. ते चित्र पाहिलेलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. पण चित्रकाराचं नाव दहा जणांना विचारून बघा.

आणि त्यांचं काम माझ्या मामांच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात! माझ्या डोक्यात हेडिंग तयार झालं. ‘श्रीपूरच्या ट्रंकेत सापडले जी. कांबळे’. फोटो काढला आणि त्याच्याखाली नाव टाइपसुद्धा केलं. एडिटर खूश होणार, लेख बारा पोस्टर्सऐवजी या एकावरच करू म्हणणार वगैरे वगैरे.

मामा शांतपणे म्हणाले, “थांब जरा. कांबळ्यांचं आहे, हे कशावरून?”

“अहो मामा, ‘मुघल-ए-आझम’ आहे ना!”

“पिक्चर एक असला म्हणून पोस्टर एकच असतं व्हय?”

पोस्टर वाचायचं कसं?

पुढचे दोन तास माझा क्लास झाला. मास कॉममध्ये जे कुणी शिकवलं नाही ते.

पहिला धडा, साल. सिनेमाचं साल आणि पोस्टरचं साल एक असेलच असं नाही. चांगला चाललेला सिनेमा पुन्हा पुन्हा लागायचा. जुनी पोस्टर्स संपली की नवी छापायची. कधी जुन्याच चित्रावरून, कधी दुसऱ्याकडून नवं काढून घेऊन, कधी नुसते फोटो जोडून. मामांनी हे पोस्टर सोलापूरहून आणलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे १९७५. सिनेमा तेव्हा मॅटिनीला लागला होता आणि कागद कोरा करकरीत होता.

दुसरा धडा, भिंग. मामींच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. मधुबालाचा गाल जवळून पाहिला तर सगळे ठिपके! फोटोवरून केलेल्या छपाईची ती खूण. जुन्या लिथो छपाईत चित्र दगडावर किंवा पत्र्यावर हातानं उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळं. तिथं खडूसारखा खरखरीत पोत दिसतो. म्हणजे तिथं मूळ चित्रकार एक आणि ते दगडावर उतरवणारा दुसरा. त्या दुसऱ्याचं नाव तर विचारूच नका. ठिपके दिसले म्हणजे पोस्टर नंतरचंच असं नाही हं. हा नुसता एक धागा. पण धागे असे एकेक करूनच गोळा करायचे.

तिसरा धडा, सगळ्यात खालची ओळ. अगदी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि गाव. ही ओळ बहुतेक पोस्टर्सवर असते आणि चित्रकाराचं नाव बहुतेकांवर नसतं. असं का, हे मी नंतर शोधलं. १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्टप्रमाणे छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण टाकणं सक्तीचं होतं. इंग्रज सरकारला हवं होतं ते एवढंच, की भानगड झाली तर धरायचं कुणाला. चित्र कुणी काढलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. १ मार्च २०२४ ला त्याच्या जागी नवा कायदा आला. पण दीडशे वर्षांत पोस्टरवर कोणाचं नाव पाहिजे आणि कोणाचं नसलं तरी चालतं, ही सवय लागायची ती लागलीच.

आणि चौथा धडा माझा मीच शोधला, त्याच रात्री, मोबाइलवर. जुन्या सिनेमाच्या टायटल्समध्ये ‘पब्लिसिटी’ किंवा ‘पब्लिसिटी डिझाइन्स’ अशी एक पाटी येते. मेकअपमन, स्टिल फोटोग्राफर यांच्या आसपास. दोन सेकंद राहते आणि जाते. आपण तेवढ्यात पॉपकॉर्न शोधत असतो. तिथं कधी माणसाचं नाव असतं, कधी स्टुडिओचं. माझ्या आठातलं एक नाव मला तिथं सापडलं.

आपल्याच अंगणातली माणसं

गंमत म्हणजे यातली कितीतरी माणसं आपल्याच भागातली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. खरं आडनाव मेस्त्री. आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला. आपल्या सिनेमांची पोस्टर्सही ते करायचे. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय चित्रमय पोस्टर्सपैकी एक मानतात. धंद्याचंच आडनाव झालं! त्यांची सही शोधावी लागत नाही, कारण कंपनीच त्यांची होती.

पंढरपूर तर श्रीपूरच्या शेजारचं. तिथं १९१५ मध्ये एम. एफ. हुसेन जन्मले आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. आज त्यांनी रंगवलेलं एखादं होर्डिंग कुणाच्या माळ्यावर निघालं तर काय होईल, विचार करा. तेव्हा मात्र तो रस्त्यावरचा नुसता बोर्ड होता. सोलापूरहून पलीकडे गेलं की गुलबर्गा, तिथले एस. एम. पंडित. त्यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठं रंगवली. मुंबईत जे. जे. मधून शिकलेले दिवाकर करकरे, ‘दीवार’ (१९७५) आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) त्यांचं काम. ‘शोले’चं पोस्टर सी. मोहन यांचं. ही नावं आज सांगता येतात, कारण कुणीतरी वेळेत विचारलं, लिहून ठेवलं, कागद जपला. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून असलेल्या फिल्म अर्काइव्हमध्ये सिनेमाच्या रिळांबरोबर पोस्टर्स आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्यात. मी त्या रस्त्यावरून रोज कॉफी प्यायला जाते!

शर्ट माझा!

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, “मामा, तुमचं स्वतःचं एखादं पोस्टर असेल ना?”

“माझं कुठलं?” ते म्हणाले. आणि मग एकदम चेहरा खुलला. “‘दीवार’चा शर्ट माझा.”

“काय?”

“सोलापूरच्या बोर्डावरचा. निळा शर्ट, गाठ मारलेला. तो मी केला. चेहरा वस्तादांचा.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्याला पांढऱ्याचा हात द्यायचा. सुतळीला खडू लावून चौकटी मारायच्या, हे नव्या पोरांचं काम. वस्ताद मुंबईहून आलेल्या फोटोवरून आणि पोस्टरवरून चौकटीप्रमाणे चित्र मोठं करणार. पावडरचे रंग जवसाच्या तेलात घोटायचे. चेहरे फक्त वस्तादांनी करायचे. कपडे आणि मागचं आकाश दुसऱ्या फळीनं. अक्षरांचा माणूस वेगळाच. गुरुवारी रात्रभर काम आणि शुक्रवारी पहाटे हातगाडीवरून बोर्ड थिएटरवर.

“आणि पिक्चर उतरला की?”

“की त्याच कापडावर पांढरं मारायचं. दुसरा पिक्चर.”

बाप रे. म्हणजे तो निळा शर्ट कुठंतरी चार-सहा सिनेमांच्या खाली गाडला गेला. एकाखाली एक. कापड पार कडक झालं की मग कुणीतरी पावसाळ्यात छपरावर टाकायला न्यायचं.

“तुम्ही सही नाही केली कधी?”

“शर्टावर सही कोण करतं गं?” मामा हसले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “वस्ताद करायचे कधीमधी. आमचं आम्हाला माहीत असायचं, कुणाचं काय ते. लांबून बघूनच कळायचं.”

‘आमचं आम्हाला माहीत असायचं.’ हे वाक्य मला टोचलं. कारण ते ‘आम्ही’ आता किती उरलेत? मी विचारलं. त्या दुकानात सगळे मिळून अकरा जण होते. मामांना धरून आता दोघं आहेत. २००० नंतर फ्लेक्स आला, मशीन एका रात्रीत दहा बोर्ड काढायला लागलं आणि ते दुकान बंद झालं. कुणी रिक्षा घेतली, कुणी शाळेच्या भिंती रंगवल्या.

मी वही काढली. मामांनी अकराही नावं सांगितली. कोण चेहरे करायचा, कुणाच्या हाताला आकाश छान यायचं, इंग्रजी अक्षरं कोण काढायचा. एक नाव आठवेना. मामी आतून म्हणाल्या, “तो पाणीपुरी आणायचा तो?” आणि आठवलं! ती नावं मी इथं देत नाहीये. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, असं मामांनी बजावलंय. पण वहीत आहेत, तारखेसकट.

मग मी वही त्यांच्यापुढे केली. “मामा, खाली सही करा.”

त्यांनी पेन घेतलं. हात थरथरत होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली. त्यांना ते आवडलं नाही. “अक्षरावाल्याला बोलवायला पाहिजे,” म्हणाले.

‘अज्ञात’ नाही, ‘विचारलं नाही’

रविवारी पुण्याला परत आल्यावर मी फाइल उघडली. (‘पोस्टर्स खरंच फायनल ३’.) आठपैकी दोन सह्या कापलेल्या कडांमध्ये सापडल्या, एक नाव टायटल्समध्ये. उरली पाच. तिथं ‘अज्ञात’ खोडलं आणि जे दिसतंय ते लिहिलं. ‘सही नाही. छपाई अमुक गावची.’ बस.

आणि मधुबाला? तिच्याखालून जी. कांबळे हे नाव मी काढलं. सांगू, जीवावर आलं. हेडिंग गेलं, मोठा लेख गेला. पण मामांचं म्हणणं पटलं होतं. “कांबळ्यांच्या चित्रावरनं केलंही असंल. पण आपल्याला ठावं न्हाई ना? मग मोठ्या माणसाचं नाव लावलं की ज्यानं केलं त्याचं कायमचं गेलं.” चुकीचं नाव छापणं म्हणजे त्याच कापडावर पुन्हा पांढरं मारणं. मी लिहिलं, ‘पुनर्प्रदर्शनाच्या वेळचं पोस्टर, सुमारे १९७५. चित्रकाराची सही नाही. सोलापूरहून आणलेलं.’

एडिटरचा फोन आला. “अज्ञात लिहिलं असतंस तर एका शब्दात झालं असतं. जागा किती खातंय हे!” मी कॉपीराइट कायदा सांगून टाकला. १९५७ चा. कलम १७ म्हणतं की पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, करून घेणारा. म्हणजे निर्माता. पण कलम ५७ म्हणतं, हक्क विकले तरी ‘हे काम माझं आहे’ हे सांगायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. एवढं ऐकल्यावर बहुधा कंटाळूनच तो म्हणाला, “बरं, ठेव.” ठेवलं!

तर मंडळी, तुमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, एखादं फ्रेम केलेलं जुनं पोस्टर असेल. नसेल तर लवकरच येईल, फॅशन आहे. आज घरी गेल्यावर एकदा खालचा उजवा कोपरा बघा. तिथं काही नसेल तर टायटल्स बघा. आणि घरात कुणी मामा, काका, आजोबा ‘पेंटर’ असतील तर त्यांना फोन करा. त्यांना शर्ट आठवत असेल.

मामींचा काल मेसेज आला. मामा त्या दुसऱ्या मित्राला भेटायला सोलापूरला जायचं म्हणतायत. अकरा नावांपैकी एकाचं आडनाव चुकलंय, असा त्यांना संशय आहे.